वृषाली हात सोडते

भोपाळच्या पिंजऱ्यात वृषालीनं समोरच्या पोरीचा उजवा हात असा काही पकडला होता, की तो सोडवायला आता क्रेनच आणावी लागली असती. कोपर मांड्यांच्या मध्ये, मनगट छातीशी कवटाळलेलं आणि कंबर हळूहळू वर. इथपर्यंत गोष्ट आली की एमएमए, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे आणि कुस्ती दोन्ही चालतात तो खेळ, संपतो. ज्याचा हात अडकला त्यानं मोकळ्या हातानं थापटायचं, म्हणजे हार कबूल. मग पंच मध्ये पडून दोघांना वेगळं करतो. याला सबमिशन म्हणतात आणि खरं सांगायचं तर वृषालीला या खेळातलं तेवढंच नीट येत होतं.

समोरच्या पोरीनं थापटलं नाही. ती ओरडली, "मम्मीऽऽ!"

वृषालीनं हात सोडला.

नुसता सोडून थांबली असती तरी चाललं असतं. पण ती गुडघ्यांवर बसली, "सॉरी, सॉरी" म्हणाली आणि वर आपल्या गावच्या, पिंपळवंडीच्या अस्सल मराठीत विचारलं, "लई लागलं का गं?" त्या पोरीला मराठी येत नव्हतं. क्षणभर ती नुसती बघत राहिली. मग आपला हात आपल्याजवळच आहे हे तिच्या ध्यानात आलं. ती उठली आणि त्याच हातानं तिनं वृषालीच्या जबड्यावर अशी एक ठेवून दिली, की हॉलमधले सगळे दिवे एका जागी गोळा झाले.

नंतर आतल्या खोलीत बर्फाची पिशवी गालाला लावून वृषाली बसली होती आणि समर्थ सर तिच्यासमोर येरझाऱ्या घालत होते. समर्थ सरांची भोसरीला तालीम होती. म्हणजे खाली टायरचं दुकान आणि वर मॅट टाकलेला हॉल. गेली पाच वर्षं ते वृषालीला शिकवत होते.

"पंच वाकला होता गं!" सर म्हणाले. "थांबवायला हात पुढं केला होता त्यानं. तू आणखी एक श्वासभर हात धरला असतास ना, तर आपण जिंकलो होतो."

"सर, ती आईला हाक मारत होती."

"मग? तिची आई काय इथं येणार होती का?"

वृषालीला एकदम हसू फुटलं. ती बाई खरंच पिंजऱ्याचं दार उघडून आत येतेय असं काहीतरी तिच्या डोळ्यांसमोर आलं. हसल्यावर जबडा दुखला, दुखल्यावर डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी बघून सरांचाही राग ढिला पडला. "तू पण ना," असं म्हणून ते शेजारी बसले आणि दोघंही हसत सुटले.

सर मात्र मनातून काळजीत होते, आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. वृषालीची कारकीर्द म्हणजे खाचखळग्यांचा रस्ता होता. हायस्कुलात ज्युडो, नारायणगावच्या कॉलेजात ज्युडो, तिथून भोसरी. पहिल्या लढतीत समोरच्या पोरीनं हात अडकताच चूपचाप थापटलं, वृषाली जिंकली. दुसरीतली पोरगी जमिनीवर यायलाच तयार नव्हती, उभ्या उभ्या ठोसे मारत राहिली; वृषाली हरली, कारण ठोसा मारणं तिच्या जिवावर यायचं. मारलाच तरी तो दारावर टकटक केल्यासारखा. तिसरी लढत जिंकली. मग हे भोपाळ. आणि भोपाळनंतर गुडगावला तर कहरच झाला. तिथं गळ्याची पकड बसली होती, पोरीनं नुसतं घशातून "हं" केलं, आणि वृषालीचे हात आपोआप उघडले.

आता हे लपवण्यासारखं राहिलं नाही. भोपाळचा व्हिडिओ आधीच सगळ्या जुन्नर तालुक्यात फिरला होता. आळेफाट्याला एसटीच्या कंडक्टरनं तिला तिकीट दिलं आणि "सॉरी" म्हणाला. किराणा दुकानात गेणभाऊ भेटले. हे गेणभाऊ म्हणजे त्यांच्या मळ्याशेजारचे शेतकरी, ऊसवाले. त्यांनी दोन्ही हात वर करून "माझा काय बी गुन्हा न्हाई ताई, सॉरी" म्हटलं. वृषाली प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी हसायची. पण घरी येऊन ती गोठ्यामागं जाऊन बसली, की तिला एकच गोष्ट आठवायची. गुडगावहून परतताना सर म्हणाले होते, "आणखी एक लढत मिळवतो तुला. ती पण अशी गेली, तर मग आपण लहान मुलांचे क्लास घेऊ. तू चांगली शिकवशील."

लहान मुलं तिला आवडत होती. पण क्लास घ्यायचे म्हणजे पिंजरा सुटला, एवढंच तिला ऐकू आलं होतं.

एका सकाळी भाकरी खाताना आरतीवहिनीनं विषय काढला. आरती म्हणजे थोरला भाऊ सूरज याची बायको, गावातल्या अंगणवाडीची सेविका.

"ताई, तुला दुखवायला भीती वाटती का?"

"न्हाई. पकड लावताना काहीच वाटत न्हाई. लई मजा येती उलट. पण आवाज आला ना, की माझं हातच ऐकत न्हाईत."

सूरज रस्सा ओरपत होता. तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "हे मला लहानपणापास्नं ठाऊक हाय. ही ढोबळी मला खाली पाडून छातीवर बसायची. मी नुसतं 'मेलो, मेलो' केलं की उठायची. मग मी पळून जायचो. दहा वर्षं फसवलं हिला!"

आरतीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं वाटी खाली ठेवली.

"मंजी ही सवय तुमीच लावलीया," ती म्हणाली. "आता तुमीच मोडा." मग वृषालीकडं वळली. "ताई, मी अंगणवाडीत लागले ना, तेव्हा एक पोर रडलं की मला बी रडू यायचं. आम्ही दोघं मिळून रडायचो. आता अख्खी अंगणवाडी एका सुरात रडू दे, मी खिचडी वाढत असते. कान मेलेत का माझे? न्हाई. मला आता कळतं, कुठलं रडणं खरं अन् कुठलं घरी जायचं. तुला बी सवयच पायजे. आमी वरडतो, तू धर."

त्याच दिवशी टोमॅटोचे क्रेट ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा झाली. खाली ताडपत्री, वर घरातल्या झाडून सगळ्या गाद्या. आरतीनं नियम सांगितला. ओरडणं म्हणजे काही नाही. थापटलं तरच सोडायचं.

पहिला बळी अर्थातच सूरज. तो आडवा झाला, वृषालीनं त्याचं मनगट हातात घेतलं मात्र, पकड लावायच्याही आधी तो बोंबलला, "मेलोऽऽ!"

वृषालीनं हात सोडला.

"परत," आरती म्हणाली.

"अगं, तो खरंच—"

"काय बी खरं न्हाई. परत."

सूरज "आई गं" म्हणाला, वृषालीनं सोडलं. "आप्पाऽ" म्हणाला, तरी सोडलं. मग त्याला चेव आला. तो "पोलीस! पोलीस!" म्हणून ओरडला तेव्हा मात्र वृषालीला इतकं हसू आलं, की हात सोडायचं राहूनच गेलं. ती हसतेय, तो ओरडतोय, आणि पकड जागच्या जागी. शेवटी सूरजनं खरोखरच गादीवर थापटलं आणि तिनं सोडलं. आरतीनं टाळी वाजवली. "झालं की! हसत धर मग, रडत कशाला धरतीस?"

दारात पालथ्या क्रेटवर बसून त्यांचे वडील, सोपानआप्पा, हे सगळं बघत होते. आप्पा कमी बोलायचे. लेकीच्या प्रत्येक लढतीनंतर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "जिकली का?" आणि उत्तर काहीही आलं तरी "बरं" म्हणून ते पाण्याची पाळी बघायला जायचे. आता त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "सूरजचं वरडणं खोटं वाटतं."

"मग खरं कोण वरडंल?" आरतीनं विचारलं.

"मी," मागून आवाज आला.

आई उभी होती. चिमाबाई. पदर खोचलेला, हात पिठाचे. या खेळाचं नाव पहिल्यांदा काढलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं होतं, कारण 'पिंजऱ्यात लढायचं' म्हटल्यावर तिला वनखात्याचा बिबट्या धरायचा पिंजरा आठवला होता, आणि त्यात आपली पोरगी कशाला घालतात हे काही केल्या तिला कळेना. आता मात्र ती गादीवर मांडी घालून बसली.

"आई, तुला कसं धरू?"

"सगळं जग पकडीत आलं की आईला हाका मारतंय. मग आईलाच धर की एकदा."

वृषालीनं अगदी हळू, लोण्याला धरावं तसं, मागून आईच्या गळ्याभोवती हात घातला. आणि चिमाबाईनं तोंड उघडलं.

हा आवाज साधा नव्हता. वीस वर्षं तिनं या आवाजावर ओढ्यापलीकडच्या माणसांना जेवायला बोलावलं होतं. "मारली रे मारलीऽ! धरली रे धरलीऽऽ! धावा की रे कुणीतरीऽऽ!" पत्रा थरथरला. गेणभाऊंच्या उसाकडेचे बगळे एकदम उडाले. वृषालीच्या हातांना मुंग्या आल्या, बोटं सुटू पाहत होती. तिनं डोळे घट्ट मिटले, आईच्या केसांत कपाळ टेकवलं आणि हसत, थोडी रडत, धरून राहिली. आईनं थापटलं नाही. खरं तर तिला थापटायचं भानच राहिलं नव्हतं. इतकं मनसोक्त ओरडायला तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ती नवे नवे सूर काढत होती.

दिवेलागणीची वेळ. पलीकडच्या वस्तीवर हा आवाज गेला आणि तिथं सगळ्यांच्या मनात एकच आलं.

आधी उसाच्या बांधावरून बॅटऱ्या दिसल्या. मग फटाके फुटले. मग हातात कोयता घेतलेले गेणभाऊ आणि त्यांच्यामागं काठ्या, पराती, पत्र्याचे डबे वाजवत दहा-बारा माणसं शेडमध्ये घुसली. आणि त्यांचा श्वास खाली बसतो न बसतो तोच जवळच गस्तीवर असलेली वनखात्याची गाडीही वाजत गाजत येऊन थांबली. आतून सुनील नावाचा वनरक्षक जाळं घेऊन उतरला.

"कुठंय बिबट्या? बाई धरली म्हणून फोन आला!"

गादीवरून, लेकीच्या हाताच्या वेढ्यातूनच, चिमाबाई म्हणाली, "धरलीया. पण लेकीनं."

मग गेणभाऊंनी कोयता खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकले आणि हसायला जी सुरुवात केली, ती चहा होऊन कप रिकामे झाले तरी थांबली नाही. सुनीलनं सगळी हकीकत ऐकून घेतली, जाळं गाडीत टाकलं आणि जरा लाजत विचारलं, "ताई, मला एकदा लावून दाखवता का?"

दुसऱ्या दिवशी गेणभाऊ स्वतःहून आले. "राव, मला बी वरडायचंय," म्हणाले. तिसऱ्या दिवशी वस्तीवरच्या कोंडाबाई आल्या, त्यांच्या मागं त्यांची सून आली. दोघींनी एकमेकींकडं बघत असं काही ओरडून घेतलं, की त्यानंतर आठवडाभर त्या घरात भांडण झालं नाही. आरती रोज संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू लागली: 'सहा ते सात येणारा ओरडा आपलाच आहे. बिबट्या नाही.' शेडबाहेर चपलांचा ढीग पडायला लागला. कुणी रडून दाखवी, कुणी देवाला हाक मारी. गेणभाऊंनी एकदा चक्क अभंगाच्या चालीत प्राण सोडला. आप्पा क्रेटवर बसून निवाडा देत. "हा बरा व्हता." "ह्यो खोटा." आणि मध्ये, कुणाच्या तरी गळ्याला किंवा हाताला मिठी घालून, लालबुंद झालेली वृषाली हसत धरून राही आणि थापटलं की लगेच सोडी. तिच्या हातांना आता फरक कळायला लागला होता.

मग सरांचा फोन आला. पुण्यातच लढत होती. कुणाचा तरी गुडघा दुखावला होता आणि आयत्या वेळी जागा रिकामी झाली होती. समोर रोहतकची सुदेश. आजवर हरलेली नाही, ठोसा लोखंडाचा.

"सुदेश?" चिमाबाईनं विचारलं. "पोरगा हाय का पोरगी?"

"पोरगी आहे आई. तिकडं ठेवतात तसं नाव."

"मग बरं. पन धर घट्ट."

लढतीच्या दिवशी पिंपळवंडीहून दोन ट्रॅव्हलर आणि सुनीलची मोटारसायकल निघाली. हॉलमध्ये त्यांनी पुढच्या रांगा पटकावल्या. आजूबाजूला पुण्याची चकचकीत पोरं, हातात पॉपकॉर्न. मध्ये फेटा बांधलेले गेणभाऊ आणि नऊवारीतल्या कोंडाबाई. आरतीनं डब्यातून थालीपीठं काढून पोरांनाही वाटली.

वृषाली पिंजऱ्यात शिरली ती जत्रेतल्या पाळण्यात चढावं तशी. आणि जत्रेत भीतीसुद्धा हौसेची असते, तसं काहीतरी तिला वाटत होतं. समोर सुदेश. उंच, शांत, डोळे स्थिर. तिनं वृषालीकडं बघून मान लववली.

पहिली फेरी म्हणजे नुसता मार होता. सुदेशचा डावा हात कुठून यायचा ते दिसायचंच नाही. लागल्यावरच कळायचं की आला होता. वृषालीचा डोळा सुजला. कमरेला मिठी घालायला ती दोनदा गेली, दोन्हीदा सुदेशनं तिला नकोशा पाहुण्यासारखं बाजूला सारलं. फेरी संपली तेव्हा सर पाणी देत म्हणाले, "मार खाल्लास ते ठीक आहे. आता तिला वाटतंय, तू फक्त खालीच वाकतेस. एकदा मार."

"मी?"

"तूच. टकटक नको. दार उघड."

दुसरी फेरी सुरू झाली. सुदेश पुढं आली. वृषालीनं डोळे अर्धवट मिटून आयुष्यातला पहिला खराखुरा ठोसा मारला. तो लागला नाही. सुदेशच्या कानाजवळून गेला. पण सुदेश इतकी चकित झाली, की तिचे दोन्ही हात वर गेले, आणि वृषाली त्या हातांखालून आत शिरली. मिठी, पायात पाय, आणि दोघी धाडकन खाली. पिंपळवंडीच्या रांगा उठून उभ्या राहिल्या.

खाली आल्यावर जग निराळं झालं. इथं वृषालीला सगळं ओळखीचं होतं. सुदेश वळायला गेली, वृषाली तिच्या पाठीवर चढली, पायांचा आकडा घातला, आणि उजवा हात हनुवटीखालून सरकला. पकड बसली. गावाकडच्या सगळ्यांनी एकदम गर्जना केली, "सोडू नकोस!"

वृषाली ओरडण्याची वाट बघत होती. 'मम्मी' येऊ दे, 'हाय' येऊ दे, देवाचं नाव येऊ दे. ती तयार होती. इतक्या आरोळ्या ऐकल्या होत्या तिनं, की आता कुठलीही आली असती तरी ती हसत धरून राहिली असती.

सुदेश ओरडलीच नाही. तिच्या तोंडून हूं की चूं नाही. तिची बोटं वृषालीच्या मनगटावर घट्ट बसलेली, ओढणारी. थापटायचा विचार तिच्या मनातही नव्हता.

आणि मग काहीतरी बदललं. बोटं मनगटावरच होती, पण त्यांतली ओढ गेली होती. पाठीचा ताण गेला. वृषालीच्या छातीवर टेकलेलं डोकं एकाएकी जड झालं, एसटीत शेजारच्या अनोळखी बाईचं डोकं झोपेत आपल्या खांद्यावर यावं तसं. पंच समोरच्या बाजूनं वाकून बघत होता. त्याला मनगटावरचा हात दिसत होता. गळ्याची पकड न थापटता सोसली की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो, तालमीत त्याला 'झोपला' म्हणतात; पण ही अजून झुंजतेय असंच पंचाला वाटत होतं.

"सर!" वृषाली ओरडली. "सर, झोपली ही! बघा ना! झोपली!"

"सोडू नकोस!" कोपऱ्यातून समर्थ सर.

"सोडू नकोस!" पंचेचाळीस माणसं.

ती सोडत नव्हती. तिनं वेढा तसाच ठेवला, फक्त आवळणं थांबवलं. "पंच सर, हात उचला तिचा! अहो, ती झोपलीय!" ती अशी कळवळून सांगत होती, की पंचानं सुदेशचं मनगट उचललं. सोडलं. हात टपकन खाली पडला.

पंचानं मध्ये उडी घेतली. लढत संपली.

हॉलमध्ये काय झालं ते वृषालीला नीटसं आठवत नाही. फटाके बंदी असलेल्या जागी कुणीतरी परात वाजवत होतं. गेणभाऊंचा फेटा पिंजऱ्याच्या जाळीला अडकला होता. तिला आठवतं ते एवढंच, की ती गुडघ्यांवर बसली होती, डॉक्टर सुदेशचे पाय वर धरून होते, आणि सुदेशनं डोळे उघडले. वर दिवे, भोवती माणसं, शेजारी सुजलेल्या डोळ्याची वृषाली.

"मैं जीत गी के?" सुदेशनं विचारलं.

वृषालीनं मान हलवली. "नहीं... मैं."

सुदेशनं जरा विचार केला. "अच्छा," म्हणाली. आणि मग हसली. समोरच्या दोन दातांत फट होती, त्यामुळं ते हसू लहान पोरीसारखं दिसलं. वृषालीही हसायला लागली आणि पंचाला दोघींचे हात धरून निकाल जाहीर करायचा होता तरी दोघी सरळ उभ्या राहीनात.

डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक आहे म्हटल्यावर बाहेर चिमाबाईनं सुदेशला गाठलं. हिंदी मालिका बघून बघून तिची हिंदी तयार झाली होती. "बेटी, गाडी कब हय तुम्हारी?"

"परसों, आंटी."

"तो फिर हॉटेल में क्यूं रहना? हमारे घर चलो. मासवडी करती मैं."

सुदेश गडबडली. "आंटी, मैं मांस नहीं खाती."

"मांस न्हाई गं बाई! बेसन! बेसन का हय! नाव तसं हय नुसता!"

हे समजावून सांगण्यात सगळी ट्रॅव्हलर सामील झाली. चाकण ओलांडलं तरी बेसनाची चर्चा चालू होती. दुसऱ्या दिवशी सुदेश त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसली. तिनं मासवडी रश्श्यात बुडवली, एक घास घेतला, तिचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाक गळायला लागलं. सगळे पाण्याचे तांबे घेऊन धावले. तिनं हातानं सगळ्यांना थांबवलं, ताट पुढं केलं आणि म्हणाली, "और." चिमाबाई त्या क्षणी तिच्या प्रेमात पडली.

त्यानंतर वृषाली लगेच काही अजिंक्य वगैरे झाली नाही. सहा महिन्यांनी दिल्लीला तिची लढत होती, एका मणिपुरी पोरीशी. सुदेश रोहतकहून तिच्या कोपऱ्यात उभी राहायला आली, आणि तिनं हरयाणवीत इतक्या सूचना दिल्या, की समर्थ सरांना एक शब्द बोलायला मिळाला नाही आणि वृषालीला एक शब्द कळला नाही. ती मणिपुरी पोरगी पाण्यातल्या माशासारखी निसटत होती. तिन्ही फेऱ्या पुऱ्या झाल्या, आणि वृषाली थोडक्यात गुणांवर हरली.

बाहेर पायऱ्यांवर बसून तिनं घरी फोन लावला. स्पीकरवर सगळं घर होतं.

"जिकली का?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई आप्पा."

"हात सोडलास व्हय?" मागून आई.

"न्हाई गं. धरायलाच मिळाला न्हाई."

मग आप्पा म्हणाले, "बरं झालं. आता चार दिवस घरी थांबशील. कांदा काढायचाय."

वृषालीनं ते हिंदीत करून सुदेशला सांगितलं. सुदेशनं आधी डोळे मोठे केले, मग तिच्या दातांमधल्या फटीतून शीळ घातल्यासारखं हसू निघालं, आणि ते ऐकून वृषालीही पायरीवर वाकून हसायला लागली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. हरलेली कोण आणि ही दुसरी कोण, आणि यांना झालंय तरी काय, त्यांना काही उमजेना. वृषालीचा खालचा ओठ फाटला होता. हसलं की दुखत होता आणि हसू काही केल्या थांबत नव्हतं.